आईचं माहेरचं आडनाव

कुंदा : आणि हे कोण वाचणार? ‘आपल्या मोबाइलवर आलेला सहा अंकी क्रमांक येथे भरा.’ अगो, आपल्या केंद्राचे निम्मे पालक अजून मोबाइल उलटा धरतात. त्यांना चष्मा सापडेपर्यंत तुझा क्रमांक शिळा होणार. एवढीशी साइट आपली, चारशे स्थळं, आणि तिला हे कुलूप. नाकापेक्षा मोती जड.

श्वेता : दहा मिनिटं चालतो तो क्रमांक. दहा मिनिटांत चष्मा सापडतो.

कुंदा : तुझ्या बाबांचा दोन दिवस सापडत नव्हता.

श्वेता : बाबांना लॉगिन करायचं नाहीये, आई.

कुंदा : जुन्यात काय वाईट होतं ते तरी सांग. जन्मतारीख टाकली की आत. एकोणीस वर्षं मी हे वधू-वर केंद्र चालवतेय, त्यातली दहा वर्षं ही साइट आहे. एका आईबापाचा फोन आला नाही की कुंदाताई, दार उघडत नाही. बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत कोणालाही विचार.

श्वेता : दार उघडत नाही असा फोन येणार कसा? कडीच नव्हती त्याला. जन्मतारीख हाच पासवर्ड. आणि कोणी तो बदलला आणि मग विसरला, तर एकच प्रश्न यायचा. आईचं माहेरचं आडनाव काय? तो प्रश्न कोणी सुचवला होता?

कुंदा : मीच. काय चुकीचं सुचवलं? तो साइटवाला म्हणाला, मॅडम, असा प्रश्न सांगा की ज्याचं उत्तर घरातल्याच माणसाला ठाऊक असेल. मी ताडकन सांगितलं. माणूस सगळं विसरेल, आईचं माहेर विसरणार नाही. तोसुद्धा म्हणाला, झकास.

श्वेता : आपल्या बायोडेटात नावाखाली काय असतं?

कुंदा : जन्मतारीख, जन्मवेळ, जन्मठिकाण. नाहीतर पत्रिका बघायची कशी?

श्वेता : आणि भावंडांची ओळ झाली की त्याच्या खाली?

कुंदा : मामेकुळ.

श्वेता : म्हणजे काय?

कुंदा : म्हणजे काय म्हणजे? मामाचं आडनाव. आईचं माहे... अगो बाई.

श्वेता : तेच. पासवर्ड वरच्या ओळीत, विसरलात तर उत्तर खालच्या ओळीत. चारशे बायोडेटा, चारशे किल्ल्या, आणि त्या आपणच पत्रिकेबरोबर वाटल्या. अशी चूक फक्त आपल्यासारख्यांची साइटच करू शकते. बँकेत कोणी मामेकुळ छापत नाही.

कुंदा : दहा वर्षं माझ्या डोक्यात आलं नाही. बघ, काखेत कळसा नि गावाला वळसा. म्हणजे शिवदास म्हणत होता ते बरोबर. त्या दिवशी कमिटीत म्हणाला, वहिनी, हे हॅकर लोक बँकांत घुसतात, तिथे आपण कोण? मी म्हटलं, माझ्याच केंद्रातून माझ्याच मुलीच्या नावाने नकार जातो, सुशांतसारखं स्थळ हातचं जातं, आणि आपल्याला पत्ता नाही. सगळे हळहळले गो.

श्वेता : मला शिवदासकाकांनी फोन केला होता. म्हणाले, आईला सांभाळ, कमिटीत रडली ती.

कुंदा : रडू येणारच ना.

श्वेता : हं.

कुंदा : बरं, मग आता हे नवीन काय करणार आहेस ते सांग. शिवदासला संध्याकाळी कळवायचंय.

श्वेता : जन्मतारीख पासवर्ड म्हणून घेणारच नाही. आडनावाचा प्रश्न काढला. पाच वेळा चुकलं की पंधरा मिनिटं दार बंद. विसरलात तर ज्याच्या नावाचं स्थळ, त्याच्याच मोबाइलवर क्रमांक जाणार. आईच्या नाही, बापाच्या नाही. वर साइटच्या पत्त्याच्या शेजारी कुलपाचं चिन्ह आलंय, ते दिसलं तरच पुढे जायचं. झालं. फक्त पानाच्या डोक्यावर एक सूचना टाकायची राहिलीय. सगळ्यांना नवीन पासवर्ड का घ्यायला लावतोय त्याची.

कुंदा : मग टाक की. लिही, ‘सर्व सभासदांना नम्र विनंती. काही अज्ञात व्यक्तींनी केंद्राच्या साइटवर अनधिकृत प्रवेश करून...’ प्रवेश करून काय केलं म्हणावं?

श्वेता : ‘एका सभासदाच्या नावाने खोटा नकार पाठवला.’

कुंदा : हो. तसंच लिही. ‘सबब, सुरक्षिततेच्या दृष्टीने...’ पुढचं तुला येतं.

श्वेता : लिहिलं. पण ‘काही’ नाही, ‘एका’ लिहिलंय. अज्ञात व्यक्तीने. एकच होती.

कुंदा : तुला कसं ठाऊक?

श्वेता : जुनी साइट सगळं लिहून ठेवायची. कोण किती वाजता आलं, काय टाकलं. चुकलेली उत्तरंसुद्धा. असं ठेवायचं नसतं, पण ठेवलं होतं. माझ्या नावासमोरचं मी उघडून वाचलं.

कुंदा : त्यात काय एवढं असणार?

श्वेता : तुला सगळं परत सांगते, म्हणजे मलाही नीट कळेल. सुशांत आणि मी चार वेळा भेटलो. ट्रॉम्बेला कामावरून सुटला की तो अंधेरीला माझ्या ऑफिसपाशी यायचा. पाचव्या वेळी घाटकोपरला त्याच्या घरी जायचं ठरलं. ते मी तुला मंगळवारी सांगितलं. बुधवारी माझ्या लॉगिनमधून त्याला नकार गेला. ‘योग नाही. पुढील वाटचालीस शुभेच्छा.’ त्याने उलट विचारलं नाही. मुलीने नाही म्हटलं की ऐकायचं, असा तो आहे. त्याचे मेसेज थांबले तर मला वाटलं, त्यालाच नको असेन. त्याला वाटलं, मलाच नकोय. दोघंही शहाण्यासारखे गप्प बसलो. पंधरा दिवसांनी मी साइट उघडायला गेले तर माझाच पासवर्ड चालेना. प्रश्नाचं उत्तर देऊन आत शिरले, तेव्हा तो नकार दिसला.

कुंदा : हे ठाऊक आहे गो मला. किती वेळा तेच उगाळायचं?

श्वेता : बुधवार. सकाळचे अकरा वाजून वीस मिनिटं. कोणीतरी माझी जन्मतारीख टाकली. उघडलं नाही, कारण पासवर्ड मी केव्हाच बदललेला. मग ‘विसरलात का?’ दाबलं. मग तो प्रश्न आला. पहिलं उत्तर चुकलं. दुसरं बरोबर आलं.

कुंदा : पहिल्या फटक्यात कोणाला येतं?

श्वेता : बाहेरच्याला आलं असतं. त्याच्यासमोर माझा बायोडेटा असता. मामेकुळ, परब. तो परब लिहून मोकळा झाला असता. दुसऱ्या वेळी परबच लिहिलंय.

कुंदा : मग पहिल्या वेळी काय?

श्वेता : घाडीगावकर.

(कुंदा उठली, आतल्या खोलीचं दार लोटून आली आणि पुन्हा त्याच खुर्चीत बसली. श्वेताचे हात कीबोर्डवर होते तसेच होते.)

श्वेता : घाडीगावकर म्हणजे आजीचं माहेर. तुझ्या आईचं. साइट विचारत होती श्वेताच्या आईचं माहेर. तू ‘आईचं’ वाचलंस आणि तुला तुझी आई आठवली. ही चूक तू करशील किंवा मामा करेल. मामा मालवणात बसून माझी स्थळं मोडत नाही.

कुंदा : बाबांची पेज राहिलीय बघ.

श्वेता : एक वाजता दिली मी.

कुंदा : आणि गोळी?

श्वेता : दिली.

कुंदा : कधीपासून माहीत आहे तुला?

श्वेता : नऊ दिवस झाले.

कुंदा : नऊ दिवस माझ्या हातचं जेवतेयस आणि एक शब्द बोलली नाहीस.

श्वेता : राग येईल, मग बोलू, असं ठरवलं होतं. आलाच नाही. ऑफिसला जाते, घरी येते, बाबांना कुशीवर वळवते, जेवते, मग या पानाचं काम पुढे करते. परवा ऑफिसात गार्गी म्हणाली, तुझ्या चहावर साय धरलीय, पितेस की नाही? मी अर्धा प्यायले होते. मला कळलंच नव्हतं.

कुंदा : शिव्या घाल मला. दोन थोबाडीत मार. असं बोलू नकोस.

श्वेता : जे आहे ते सांगतेय. मला फक्त एवढं कळत नाही. होकार-नकार ज्याचा त्याने द्यायचा, हा केंद्राचा नियम तुझा. आईबापांना ते बटणच दिलं नाहीस तू. शिवदासकाकांशी त्यावरून भांडलीस.

कुंदा : भांडले. कारण माझं लग्न मला कळलं तेव्हा घरी पत्रिका छापून आल्या होत्या. म्हटलं, निदान माझ्याकडच्या पोरींच्या नशिबी ते नको.

श्वेता : मग?

कुंदा : त्या मंगळवारी तुझे बाबा मोरीत पडले. तुला सांगितलं नाही मी. उठवता उठवेनात. अर्धं अंग दगडासारखं, आणि उरलेलं अर्धं धडपडतं, ते आणखी वाईट. मी चाळीस मिनिटं त्या ओल्या फरशीवर त्यांच्या शेजारी बसले. शेवटी खालच्या वॉचमनला हाक मारली. परक्या माणसासमोर तुझे बाबा तसे, अंगावर पंचा पण धड नाही. ओरडले नाहीत, रडले नाहीत, नुसते माझ्याकडे बघत राहिले. जन्मभर बस चालवलेला माणूस गो. आणि संध्याकाळी तू आलीस. चपला काढायच्या आधी म्हणालीस, आई, रविवारी त्यांच्याकडे जायचंय. तुझा चेहरा असा मी कितीतरी वर्षांत बघितला नव्हता. मला आनंद व्हायला हवा होता की नाही? मला ती ओली फरशीच दिसली. माका झेपणा नाय गो, श्वेता. एकटीन ह्या माणसाक उचलूक माका झेपणा नाय.

श्वेता : दिवसभराची बाई ठेवू असं मी वर्षापूर्वी म्हटलं होतं.

कुंदा : म्हटलं होतंस. आणि मी म्हटलं होतं, परक्या बाईच्या हाती नवरा देणार नाही. माझाच तोरा. बुधवारी तू गेल्यावर बसले साइटवर. खरं सांगते, नकार द्यायचा नव्हता मला. जरा थांबा, चार-सहा महिने, एवढंच कळवायचं होतं. पण त्या पानावर बटणं दोनच. होकार आणि नकार. थांबा म्हणायला जागाच नाही.

श्वेता : फोन होता ना.

कुंदा : होता.

श्वेता : मी होते.

कुंदा : तुला विचारलं असतं तर तू थांबली असतीस. मला माहीत नाही होय? तोंडातून नाही म्हणाली नसतीस, आणि मग मरेपर्यंत मला तुझं तोंड बघायला लागलं असतं. म्हटलं, हे आपोआप मोडलं तर बरं. कोणाचा दोष नाही. योग नव्हता म्हणायचं आणि सोडून द्यायचं. एकोणीस वर्षं लोकांना तेच सांगत आले ना मी. लोक ऐकतात. आपलेच दात आपलेच ओठ, सांगणार कोणाला?

श्वेता : काल मी सुशांतला फोन केला.

कुंदा : काय म्हणाला?

श्वेता : मी म्हटलं, तो नकार माझा नव्हता. तो मग म्हणाला, माझा बसतोय विश्वास, आईचा बसणार नाही. तिने स्वतःच्या डोळ्यांनी वाचलंय. पुढच्या रविवारी मालाडला एका मुलीकडे जायचं तिने ठरवून टाकलंय, दोन्हीकडून जवळजवळ झालंच आहे. म्हणाला, कोणी केलं एवढं कळलं तर मी घरात बोलू शकतो. हॅकरने केलं असं सांगितलं तर आई म्हणेल, मुलगी पलटली आणि आता बहाणे करतेय.

कुंदा : तू माझं नाव सांगितलंस?

श्वेता : नाही.

कुंदा : का नाही?

श्वेता : ते तू सांगायचं आहेस, म्हणून.

कुंदा : मी सांगितलं की केंद्राची वाट लागली. तुला कळतंय ना? माझ्या विश्वासावर चारशे घरांनी पोरीबाळींचे फोटो दिलेत. संचालिकाच खोटे नकार पाठवते म्हटल्यावर कोण राहील? घाटकोपरला एकीला सांगितलं की दोन दिवसांत दहिसर चेकनाक्यापर्यंत पोचतं. शिवदास आधी काही बोलणार नाही. मग एक दिवस येईल, चहा घेईल आणि केंद्राच्या कपाटाची चावी मागेल. हे केंद्र नसेल तर मी या घरात करू काय? दिवसाचे दोन-चार फोन येतात, कुंदाताई, कुंदाताई करतात, तेवढाच वेळ मी त्या खाटेपासून लांब असते.

श्वेता : माहीत आहे.

कुंदा : मग राहू दे ना हॅकरच. झाकली मूठ सव्वा लाखाची. तो काय येऊन भांडणार आहे? सुशांतला आपण दुसरं काहीतरी पटवून देऊ. मी बोलते त्याच्या आईशी, गोड बोलून वळवते. एवढी लग्नं जमवली मी.

श्वेता : राहू दे. सूचना लिहून तयार आहे. तू म्हणशील तेव्हा पान चालू करते. मी जबरदस्ती करणार नाही, शिवदासकाकांनाही सांगणार नाही. पण गोड बोलून वळवलेलं मला नकोय. तसं असेल तर मालाडला जाऊ दे त्यांना.

कुंदा : अशी थंड नको बोलूस गो. भीती वाटते.

श्वेता : मलाही वाटते. तो मालाडला जाणार म्हणाला तेव्हा मी काय केलं माहीत आहे? ठीक आहे म्हटलं, आणि फोन ठेवून बाबांची चादर बदलली.

कुंदा : हवाय का तो तुला अजून?

श्वेता : दीड महिन्यापूर्वी विचारलं असतंस तर पटकन सांगितलं असतं. आता हाताला मुंग्या आल्यावर होतं तसं झालंय. हात आहे हे माहीत आहे, टोचलेलं कळत नाही.

कुंदा : मी केलं हे. तुझ्या बाबांचं एक अंग गेलं ते देवाने नेलं. तुझं मी नेलं.

श्वेता : रडू नकोस, आई. तू रडलीस की मला तुझं करावं लागतं.

कुंदा : नाही रडत. ...ती ओळ खोड.

श्वेता : कुठली?

कुंदा : अज्ञात व्यक्तीने. मी काय अज्ञात आहे? लिही, ‘केंद्राच्या संचालिका कुंदा काशीराम तावडे यांनी स्वतःच्या मुलीच्या नावाने, तिला न विचारता.’ लिहिलंस?

श्वेता : लिहिते. नीट विचार कर. एकदा चालू केलं की चारशे घरं वाचणार.

कुंदा : विचार केला म्हणून तर हे झालं. पण थांब. चालू करू नकोस अजून. सुशांतच्या आईने हे पानावर वाचायला नको. तिला आधी तोंडाने सांगायला हवं. नंबर लाव.

श्वेता : आत्ता? दुपारच्या झोपल्या असतील.

कुंदा : उठवीन. संध्याकाळपर्यंत थांबले तर मी परत शहाणी होईन. लाव.

श्वेता : घे. वाजतोय.

कुंदा : हॅलो. नमस्कार, मी कुंदा तावडे बोलतेय. नाही, केंद्रातर्फे नाही. श्वेताची आई म्हणून बोलतेय. झोपमोड केली, माफ करा, पण जरा बसून ऐका. आमच्याकडून तुम्हाला नकार आला होता ना, तो श्वेताचा नव्हता. मी पाठवला होता. ...हो, मी. तिच्या नावाने. ...नाही, तिला माहीत नव्हतं. तिला मागाहून कळलं. ...माझे मिस्टर अंथरुणाला खिळून आहेत, मला वाटलं ती गेली तर मी संपले. ...हो. ...बरोबर आहे तुमचं. ...बोला ना, ऐकतेय मी. ...बोला.

श्वेता : काय म्हणतायत?

कुंदा : हळू बोल, आहेत अजून, फोनवर हात ठेवलाय मी.  आधी म्हणाल्या, आई आहात की कोण आहात? मग म्हणाल्या, आमचे हे चार वर्षं अंथरुणावर होते. मग परत पहिलंच म्हणाल्या. आता विचारतायत, मालाडला काय कळवू, श्वेताचं म्हणणं काय आहे? हो सांगू ना गो? सांगू हो?

श्वेता : तू काही सांगू नकोस. मला अजून काही वाटत नाहीये. वाटायला लागलं की मी स्वतः कळवीन.